ब्लॅकबर्नचा क्लब कोणाचा?

गेल्या पावसाळ्यांत एका शनिवारीं दुपारीं शाळेच्या व्हरांड्यांत दोन मुलांचा वाद जुंपला होता. पाऊस एवढा कीं मैदानावर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. आणि ज्या मुलांस खेळावयास मिळत नाहीं तीं खेळाविषयीं भांडतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. वादाचा विषय इंग्लंडांतील एक फुटबॉल क्लब. “पैसा त्यांचा, क्लब त्यांचा, कोणाला ठेवावयाचें आणि कोणाला काढावयाचें हें तेच ठरविणार,” असें एकाचें म्हणणें. “क्लब म्हणजे काय कोंबड्यांची शेड आहे?” असें दुसऱ्याचें. आतां ज्याला उद्देशून हें वाक्य उच्चारलें गेलें त्या मुलाच्या वडिलांची खरोखरीच कोंबड्यांची शेड आहे. त्यामुळें प्रकरण हातघाईवर येण्यापूर्वीं मला मध्यें पडावें लागलें.

भांडण मिटलें, परंतु प्रश्न मिटला नाहीं. तो माझ्याच मनांत घर करून राहिला. आपल्या शाळेपुढें सांप्रत जी एक गोष्ट निर्णयासाठीं उभी आहे तिच्याशींहि त्याचा जवळचा संबंध असल्यामुळें तो या वार्षिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख खेळाचा म्हणून वाचावा. पालकांनीं तो शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

ब्लॅकबर्न हें उत्तर इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांतलें गिरण्यांचें गांव. लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळीं हिंदुस्थानांत जीं विलायती धोतरें नेसलीं जात त्यांपैकीं पुष्कळशीं या गांवच्या मागांवर विणलेलीं असत. १९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं विलायतेस गेलेले महात्मा गांधी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन गांवीं गेले, आणि आपल्या बहिष्काराची झळ ज्यांस लागली होती त्याच गिरणीकामगारांमध्यें जाऊन उभे राहिले. पुढें गिरण्या बंद पडल्या. गुजराथेंतून गेलेलीं पुष्कळ कुटुंबें तेथें स्थायिक झालीं. परंतु गिरणीच्या भोंग्यापेक्षां अधिक टिकलेली एक वस्तु त्या गांवांत आहे, आणि ती म्हणजे ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉलचा क्लब.

हा क्लब १८७५ सालीं कांहीं तरुणांनीं स्थापिला. त्यांत शाळेचे माजी विद्यार्थी बरेच होते, हें आपल्या माजी विद्यार्थी-मंडळानें ध्यानांत घ्यावें. १८८८ सालीं जगांतील पहिली फुटबॉल लीग बारा क्लबांनीं मिळून उभारिली, त्या बारांत हा एक. १८९० पासून त्याचें मैदान तेंच आहे: ईवुड पार्क. १८८४ ते १८९१ या आठ वर्षांत त्यानें इंग्लंडचा मानाचा एफ. ए. चषक पांच वेळां जिंकिला व सहाव्यांदा १९२८ सालीं. कौशल्यानें व श्रमानें, असा अर्थ असलेलें लॅटिन ब्रीदवाक्य त्याच्या चिन्हावर आहे. आजोबा ज्या खुर्चीवर बसले त्याच ओळींत नातू बसतो. जो मनुष्य पन्नास वर्षें दर पंधरा दिवसांनीं तेथें तिकीट काढून गेला, त्याला जर विचारिलें कीं हा क्लब कोणाचा, तर तो ‘आमचा’ असेंच म्हणणार. कायद्याच्या कागदावर मात्र त्याचें नांव कोठेंच नसतें. सर्व गोंधळाचें मूळ येथें आहे.

१९९१ च्या आरंभीं जॅक वॉकर या गृहस्थांनीं क्लबाचीं सूत्रें हातीं घेतलीं. हे ब्लॅकबर्नचेच. लहानपणापासून याच संघाचे भक्त. पोलादाच्या धंद्यांत त्यांनीं अपार द्रव्य मिळविलें व तो धंदा विकून आलेला पैसा मोठ्या हातानें आपल्या गांवच्या संघावर ओतला. केनी डाल्ग्लिश यांच्यासारखा नामांकित मॅनेजर आणिला. १९९२ सालीं ॲलन शिअरर या तरुणास, त्या काळीं ब्रिटनमध्यें कोणत्याहि खेळाडूसाठीं दिली गेली नव्हती एवढी किंमत देऊन घेतलें. मैदानाचीं जुनीं बांकडीं जाऊन तेथें तीन नव्या भव्य गॅलऱ्या उभ्या राहिल्या. आणि १४ मे १९९५ रोजीं, लिव्हरपूलच्या मैदानावर शेवटचा सामना २–१ असा हरूनहि, मँचेस्टर युनायटेडला त्याच वेळीं लंडनमध्यें बरोबरी सोडवितां आल्यानें नव्हे, सोडवितां न आल्यानें, ब्लॅकबर्न एका गुणानें इंग्लंडचें अजिंक्य ठरलें. ८९ विरुद्ध ८८! मोठमोठ्या शहरांचे क्लब पाहत राहिले आणि एका गिरणगांवानें चषक घरीं नेला. १९१४ नंतर एक्याऐंशी वर्षांनीं.

ही हकीकत सांगतांना मला नेहमीं आनंद होतो, आणि तरीहि येथेंच थोडें थांबावेंसें वाटतें. वॉकर हे उदार होते, प्रामाणिक होते, आपल्या गांवावर त्यांचें प्रेम होतें. परंतु त्या सुखाच्या दिवसांत गांवकऱ्यांपैकीं किती जणांनीं असा प्रश्न केला असेल कीं, हे गृहस्थ गेल्यावर काय? क्लबाचा डोलारा एका माणसाच्या तिजोरीवर उभा होता. तो माणूस चांगला होता म्हणून कोणास तें खटकलें नाहीं. १९९९ सालीं संघ वरच्या श्रेणींतून खालीं आला. १७ ऑगस्ट २००० रोजीं वॉकर वारले. पुढच्याच वर्षीं संघ पुन्हां वर चढला, पण तें पाहण्यास ते नव्हते. क्लब त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे राहिला. ट्रस्टींस फुटबॉलमध्यें वॉकरांएवढा रस असण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं गिऱ्हाईक पाहण्यास आरंभ केला.

तें गिऱ्हाईक पुण्याचें निघालें.

नोव्हेंबर २०१० मध्यें वेंकीज या नांवानें जगास ठाऊक असलेल्या उद्योगसमूहानें सुमारें २३ दशलक्ष पौंडांस ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला व डोक्यावरचें कर्जहि आपल्याकडे घेतलें. हा समूह म्हणजे डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं आरंभिलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा विस्तार. हिंदुस्थानांत कुक्कुटपालनास धंद्याचें रूप देण्याचें श्रेय राव यांजकडे जातें. आज खेड्यापाड्यांतील मुलाच्या ताटांत अंडें दिसतें, त्याच्या मागें त्यांच्या खटपटीचा मोठा वांटा आहे, हें कोणीहि नाकारूं नये. त्यांच्या पश्चात् त्यांच्या कन्या व दोन पुत्र हा व्याप सांभाळूं लागले. क्लब घेतला तो याच भावंडांनीं. त्या आठवड्यांत मीं वर्गांत ती बातमी मोठ्या अभिमानानें वाचून दाखविली होती. ज्या गांवानें आमच्या आज्यांस लुगडीं-धोतरें विकलीं त्या गांवाचा क्लब पुण्याच्या माणसांनीं विकत घ्यावा, यांत इतिहासाचें चक्र फिरल्याचा भास होतो खरा. तेव्हां मी तिशींत नुकताच आलों होतों. असल्या गोष्टींचा अभिमान त्या वयांत लवकर चढतो.

पुढें जें झालें तें झरझर सांगतों. खरेदी होऊन महिना लोटला नाहीं तोंच, १३ डिसेंबर रोजीं, सॅम ॲलर्डाइस या अनुभवी मॅनेजरास काढून टाकण्यांत आलें. संघ त्या वेळीं वीसांत तेरावा होता. म्हणजे शोभेसा नसला तरी सुरक्षित. त्यांच्या जागीं त्यांच्याच हाताखालचे प्रशिक्षक स्टीव्ह कीन यांस बसविलें. क्लबाचा कारभार वर्षानुवर्षें जाणणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स फेब्रुवारी २०११ मध्यें गेले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, संघ इंग्लंडांत तळाशीं धडपडत असतां, त्यास पुण्यास आणून बालेवाडीच्या मैदानावर पुणें एफ. सी. बरोबर मैत्रीचा सामना खेळविला गेला. पाहुणे ३–० नें जिंकले. आपल्याकडील लोकांस मौज वाटली. ब्लॅकबर्नच्या लोकांनीं कपाळास हात लाविला. खेळाडूंकडून कोंबडीच्या मांसाची जाहिरातहि करविण्यांत आली. आणि ७ मे २०१२ रोजीं, आपल्याच मैदानावर विगनकडून एका गोलानें हरून, अजिंक्यपद मिळवून सतराच वर्षें झालेला हा क्लब वरच्या श्रेणींतून खालीं घसरला.

त्या सामन्याच्या वेळीं कोणी तरी क्लबाच्या रंगांचें निशाण गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली. तें चित्र जगभर फिरलें व जग हंसलें. मला हंसूं आलें नाहीं. एक तर त्या बापड्या पक्ष्याचा कांहीं अपराध नव्हता. दुसरें असें कीं, मालकाच्या धंद्याची थट्टा करणें म्हणजे मालकाच्या कारभारावर टीका करणें नव्हे. कोंबड्या पाळणें हा पोलाद विकण्याइतकाच प्रतिष्ठेचा धंदा आहे. त्याचप्रमाणें कीन यांस महिनोन्महिने ज्या शिव्या ऐकाव्या लागल्या त्याहि मला मान्य नाहींत. ज्या खुर्चीवर त्यांस बसविलें ती त्यांनीं मागून आणलेली नसावी. आणि मागितली असली तरी देणारा दुसरा होता. प्रेक्षकाचा राग नेहमीं जवळच्या माणसावर निघतो, कारण दूरचा माणूस दिसत नाहीं.

आणि ब्लॅकबर्नचे मालक तर फारच दूर. आरंभींचीं एक-दोन वर्षें सोडलीं तर ते ईवुड पार्कवर फिरकेनासे झाले. त्यांचें मत काय, बेत काय, हें गांवास कळावें कसें? चाहत्यांत तट पडले ते यावरूनच. एक पक्ष म्हणतो, विका आणि जा. दुसरा म्हणतो, अहो, विकत घेणारा कोण येणार आहे? यांनीं दोनशे दशलक्ष पौंडांहून अधिक रक्कम आजवर या क्लबांत घातली. उद्यां यांनीं हात आखडला तर आपण पगार कोठून देणार? तिसरा पक्ष मालकांस सोडून खालच्या अधिकाऱ्यांस धरतो: मालक भोळे आहेत, मधले कारभारी त्यांस खरें सांगत नाहींत. हा तिसरा पक्ष फार जुना आहे. आपल्याकडे तो प्रत्येक संस्थानांत होता. राजा चांगला, दिवाण वाईट.

या वादांत दुसऱ्या पक्षाचें म्हणणें मी सहजासहजीं उडवून लावीत नाहीं. ब्लॅकबर्नपासून फार दूर नसलेल्या बरी या गांवाचा क्लब १८८५ चा. दोन वेळां एफ. ए. चषक जिंकिलेला. डिसेंबर २०१८ मध्यें तो एका पौंडाला विकला गेला, व पुढच्या ऑगस्टांत नव्या मालकास पैशाचा पुरावा दाखवितां आला नाहीं म्हणून लीगमधून काढून टाकला गेला. एका पौंडाला! गांवाच्या सव्वाशें वर्षांच्या आठवणी एवढ्यांत गेल्या. पुण्याच्या मालकांनीं तसें कधीं होऊं दिलें नाहीं. दर वर्षाची तूट त्यांनीं भरून काढिली. २०१७ सालीं संघ आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणींत गेला (प्रीमियर लीगचें अजिंक्यपद मिळवून एवढ्या खालीं जाणारा हा पहिलाच क्लब), त्या मोसमांत मैदानावरील अर्ध्याहून अधिक खुर्च्या सरासरीनें रिकाम्या राहत. तेव्हांहि त्यांनीं क्लब टाकिला नाहीं, व एका वर्षांत तो वर आला. हें श्रेय त्यांस न देणें हा अन्याय होईल.

तरीहि पैसा देणें आणि कारभार करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली केल्यानें दुसरी आपोआप होत नाहीं.

याविषयीं मला सर्वांत स्पष्ट उत्तर मिळालें तें आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडून. पुस्तकें भरण्याच्या निमित्तानें ते शाळेंत आले असतां मीं त्यांस व्हरांड्यांतील भांडणाची हकीकत सांगितली. ते मनमोकळे हंसले. मग म्हणाले, “सर, त्या पोराचं चुकलं. क्लब शेडसारखाच चालवायला पाहिजे होता.” मीं विचारिलें, तो कसा? तेव्हां त्यांनीं सांगितलें तें असें : पिल्लें आलीं कीं पहिले दहा-बारा दिवस मालकानें रात्रीं निदान दोनदां शेडमध्यें जाऊन उभें राहावें लागतें. दिव्याखालीं पिल्लें एकमेकांवर गर्दी करूं लागलीं तर त्यांस थंडी वाजत आहे. दिव्यापासून लांब पळूं लागलीं तर ऊब जास्त झाली आहे. तें कागदावर येत नाहीं. खालचें तूस ओलें झालें कीं वास आधीं येतो, मर मागाहून लागते. गडी कितीहि चांगला असला तरी तो टेलिफोनवर ‘सगळं बरं आहे’ असेंच सांगतो, कारण वाईट सांगून शिव्या कोण खाणार? “आणि एक सर,” ते म्हणाले, “गडी दर महिन्याला बदलून चालत नाही. पक्षी त्याच्या पायांचा आवाज ओळखतात.”

२०१२-१३ च्या मोसमांत ब्लॅकबर्नचे गडी किती बदलले तें पाहा. सप्टेंबरांत कीन गेले. हेनिंग बर्ग आले व सत्तावन्न दिवसांत गेले. मायकेल ॲपलटन आले व सदुसष्ट दिवसांत गेले. मग तात्पुरता म्हणून गॅरी बोयर यांजकडे कारभार आला आणि त्यानेंच संघ कसाबसा वांचविला. बर्ग यांच्या नुकसानभरपाईचें प्रकरण इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत गेलें, तेव्हां क्लबातर्फें असा पवित्रा घेण्यांत आला कीं, करार करणाऱ्या आपल्याच व्यवस्थापकीय संचालकास तसा करार करण्याचा अधिकार नव्हता! न्यायालयानें तो मानिला नाहीं. २२½ लाख पौंड द्यावे लागले. कोणाच्या सहीस काय किंमत आहे हें ज्या संस्थेंत वरच्यांस व खालच्यांस सारखेंच अस्पष्ट असतें, तेथें तिजोरी कितीहि मोठी असली तरी पुरत नाहीं.

हा दोष दहा वर्षांनींहि गेला नव्हता. जानेवारी २०२३ मध्यें लुइस ओब्रायन या खेळाडूस नॉटिंगहॅमहून घेण्याचें ठरलें. कागद मुदतींत पोंचले नाहींत म्हणून बेत फसला. त्या मोसमांत संघ सातवा आला, व सहाव्या संघाशीं गुण समान असतां केवळ गोलांच्या फरकानें वर जाण्याची संधि हुकली. पुढच्याच हिंवाळ्यांत अमेरिकेंतील एका खेळाडूच्या कागदांत चूक झाली आणि तोहि हातचा गेला. परीक्षेच्या फॉर्मावर बैठक-क्रमांक चुकीचा लिहिणाऱ्या आमच्या मुलांस मी हें उदाहरण हल्लीं देत असतों. त्यांतच २०२३ पासून कांहीं काळ, हिंदुस्थानांतील एका सरकारी चौकशीच्या प्रकरणामुळें, मालकांस क्लबाकडे रक्कम पाठविण्यापूर्वीं दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागे. चौकशी म्हणजे दोषसिद्धि नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. परंतु ईवुड पार्कजवळच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाची अवस्था कशी झाली असेल? आपल्या संघाला पुढच्या महिन्यांत खेळाडू घेतां येईल कीं नाहीं, हें समजण्यासाठीं तो सात हजार किलोमीटरांवरील एका न्यायालयाच्या तारखा पाहूं लागला. फेब्रुवारी २०२५ मध्यें संघ बढतीच्या स्थानांत असतां मॅनेजर जॉन यूस्टेस आपण होऊन निघून गेले, आणि गेले कोठें, तर त्याच श्रेणींत तळाशीं असलेल्या डर्बीकडे. मजुरी मिळत असतां व पीक बरें असतां जेव्हां चांगला माणूस काम सोडतो, तेव्हां मालकानें त्या माणसाचा नव्हे, आपल्या घराचा विचार करावा.

मे २०२५ ची गोष्ट मात्र मला सर्वांत अधिक लागली. क्लबानें आपला स्त्रियांचा संघ दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून काढून घेतला. त्या श्रेणींत राहण्यासाठीं जो खर्च करावा लागतो तो करण्याची तयारी नव्हती. संघाची रवानगी खालच्या श्रेणींत झाली. पुरुषांच्या संघांतील एखाद्या खेळाडूच्या किंमतीपुढें ही रक्कम किती लहान असेल याची कल्पना पालकांनीं करावी. याच क्लबानें वाढविलेला ॲडम व्हार्टन हा ब्लॅकबर्नचाच मुलगा २०२४ च्या आरंभीं सुमारें १८ दशलक्ष पौंडांस विकला गेला होता. काटकसर करावयाची झाली म्हणजे पहिली कात्री कोठें लागते, हें घराघरांत दिसतें तेंच तेथें दिसलें. आपल्या मुलींच्या संघाची कर्णधार ही बातमी घेऊन माझ्याकडे आली होती. तिनें एवढेंच विचारिलें कीं, त्यांनीं कोणता सामना हरला होता?

मालकानें ऐकलें तर काय होऊं शकतें याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. कलकत्त्याचा मोहन बागान हा १८८९ चा क्लब. १९११ सालीं अनवाणी पायांनीं इंग्रज पलटणीस हरवून त्यानें शील्ड जिंकिली. २०२० सालीं त्याचा फुटबॉल-विभाग एका नव्या क्लबाच्या मालकांनीं आपल्यांत मिळविला व जुन्या नांवाच्या आधीं नवीं तीन अक्षरें आलीं. लोकांस तें सोसलें नाहीं. तीन वर्षें त्यांनीं मैदानावर व मैदानाबाहेर एकच मागणी लावून धरिली. १८ मार्च २०२३ रोजीं गोव्यांत, फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना जिंकतांच, मालकांनीं तींच अक्षरें काढण्याची घोषणा केली. नवें नांवहि सर्वांस आवडलें असें नाहीं, परंतु मालक मैदानावर होता आणि लोक काय म्हणत आहेत हें त्याच्या कानांवर पडत होतें. जर्मनींत तर १९९८ पासून नियमच आहे कीं, अपवाद सोडतां, क्लबाच्या कारभारांत सभासदांची मतें अर्ध्याहून अधिक असलींच पाहिजेत. धनवानानें पैसा घालावा, पण एकट्यानें निर्णय करूं नये. इंग्लंडासहि हें उशिरां पटलें. २०२१ च्या एप्रिलांत बड्या क्लबांच्या मालकांनीं कोणास न विचारतां स्वतंत्र लीगचा घाट घातला, तो लोकक्षोभानें तीन दिवसांत कोसळला. त्यांतून चौकशी झाली, व जुलै २०२५ मध्यें कायदा होऊन क्लबांच्या मालकांवर व जमाखर्चावर देखरेख करणारी स्वतंत्र नियंत्रणसंस्था निर्माण झाली.

आपल्याकडे असा कायदा नाहीं. १९६२ पासून खेळणारा मुंबईचा महिंद्र संघ २००६ सालीं राष्ट्रीय लीगचा विजेता झाला आणि २०१० सालीं कंपनीच्या एका निर्णयानें नाहींसा झाला. २०१९ सालीं एफ. सी. पुणें सिटी गेला. ब्लॅकबर्नच्या लोकांस निदान ओरडण्यापुरता क्लब उरला आहे.

आतां आपल्या मैदानाकडे येतों. आपल्या गांवांतील एका सद्गृहस्थांनीं शाळेचें मैदान सपाट करून देण्याची, भोंवतीं कुंपण घालण्याची व मुलामुलींच्या दोन्ही संघांस पोषाख व बूट पुरविण्याची तयारी दर्शविली आहे. ज्या मैदानावर पावसाळ्यांत म्हशी बसतात त्याची ही दैना संपणार, याचा माझ्याइतका आनंद कोणासहि झाला नसेल. त्यांच्या दोन अपेक्षा आहेत. फाटकावर त्यांच्या तीर्थरूपांचें नांव असावें, ही पहिली. तिला कोणाची हरकत असण्याचें कारण मला दिसत नाहीं. खेळाच्या शिक्षकाची व संघाची निवड त्यांच्या विचारानें व्हावी, ही दुसरी. पुष्कळ पालक मला म्हणाले कीं, एवढें करणारा माणूस आहे, तर एवढें मान्य करावयास काय झालें? गृहस्थ चांगले आहेत, हें मलाहि मान्य आहे. जॅक वॉकरहि चांगलेच होते.

देणगी घ्यावी, असेंच माझें मत आहे. मात्र ती किती वर्षांसाठीं आहे, ती थांबल्यास मैदानाचा खर्च कोण करणार, शिक्षक कोण नेमणार व काढणार, आणि खर्च कमी करण्याची वेळ आली तर मुलींच्या संघास प्रथम हात लाविला जाणार नाहीं, हें सर्व आज, सर्वांचीं मनें गोड असतां, कागदावर लिहून घ्यावें. निवड शाळेनें करावी. गृहस्थांनीं वर्षांतून चार वेळां तरी मैदानावर येऊन बसावें, व त्या दिवशीं मुलांनीं त्यांच्याशीं बोलावें.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं त्यांच्या घरीं जाऊन त्यांस वाचून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकला, कोंबडीचा भाग पुन्हां एकदां वाचावयास सांगितला, आणि चहा दिला. दुसऱ्या अपेक्षेविषयीं त्यांनीं अद्याप कांहीं कळविलेलें नाहीं. पालकांची सभा जूनच्या दुसऱ्या शनिवारीं दुपारीं चार वाजतां शाळेच्या सभागृहांत भरेल.